शिकण्याचा खरा खर्च

एखाद्या कुटुंबाची आर्थिक स्थिती चांगली आहे की नाही, हे महिन्याच्या मिळकतीच्या आकड्यावरून पुरते कळत नाही. रोजचा खर्च उसनवारीशिवाय भागतो का? घरातले माणूस आजारी पडले किंवा पावसाने दगा दिला, तर सावकाराकडे न जाता दिवस निभावतात का? थोडीफार शिल्लक मागे राहते का? आणि आजच्या भाकरीपलीकडे, पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करायला उसंत मिळते का? या प्रश्नांची उत्तरे हाती आली, म्हणजे त्या घराचे आर्थिक स्वास्थ्य कळते. रोजंदारीवर पाचशे रुपये मिळवणारा गवंडी आणि महिन्याला पंधरा हजार पगार घेणारा कारखान्यातला वायरमन यांची कामाच्या महिन्यातली मिळकत फारशी वेगळी नसेलही. पण वायरमनला पगार कोणत्या तारखेला हाती येईल हे ठाऊक असते, त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि पगाराच्या पावतीवर बँक त्याला कर्ज देते. गवंड्याचे काम पावसाळ्यात थांबते आणि त्याबरोबर घरातला पैसाही थांबतो.

या दोन घरांमधले अंतर कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे शिक्षण आणि कामाचे प्रशिक्षण. अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतील कमाईची आकडेवारी तपासून काढलेला निष्कर्ष असा, की शाळा-महाविद्यालयातले प्रत्येक जादा वर्ष माणसाच्या कमाईत सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास भर घालते आणि स्त्रियांच्या बाबतीत हा लाभ पुरुषांपेक्षा थोडा अधिक असतो. मात्र ज्या घरांना या लाभाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच मुलांना ते जादा वर्ष मिळवणे सर्वांत अवघड जाते. समान संधी हा विषय त्यामुळे न्यायाचा तर आहेच, पण तितकाच तो अर्थकारणाचाही आहे. महाराष्ट्राला या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे आणि त्यातून काय साधते व काय साधत नाही, हे बरेच स्पष्ट दिसते.

फीपलीकडचा खर्च

शिक्षणाचा खर्च म्हटला की फी डोळ्यांसमोर येते. गरीब घराच्या हिशेबात फी हा बहुधा लहान आकडा असतो. सर्वांत मोठा आकडा कोणत्याही पावतीवर दिसत नाही. तो असतो बुडालेल्या मजुरीचा. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शेतात, वीटभट्टीवर किंवा हॉटेलात कामाला गेला असता तर जे पैसे आणले असते, ते तो शाळेत बसल्यामुळे घरात येत नाहीत. मुलीच्या बाबतीत हा खर्च आणखी आडून येतो. ती शाळेत गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि पाणी भरायला आईला घरी थांबावे लागते आणि आईची मजुरी बुडते.

त्यानंतर येतो प्रवास. गावात सातवीपर्यंतची शाळा असली तरी कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला, आयटीआय आणखी पुढच्या गावात आणि अभियांत्रिकी महाविद्यालय जिल्ह्याला असते. एसटीची एकच फेरी असेल आणि ती चुकली, तर त्या दिवशी हजेरी नाही. पुढे शहरात राहायचे म्हटले तर खोलीभाडे, मेसचे पैसे, परीक्षा शुल्क, वह्या-पुस्तके, आणि आता मोबाइल व त्यातला डेटा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर ही कागदपत्रे जमवताना आईबापांच्या कामाचे कित्येक दिवस तहसील कार्यालयात जातात. ज्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, तिथे कोणता अर्ज कधी भरायचा हे सांगणारेही कोणी नसते. अर्जाची मुदत टळली म्हणून प्रवेश हुकलेली मुले कोणत्याही तालुक्यात सापडतात.

म्हणून सर्वांना सारखी फी किंवा सर्वांना फी माफ, एवढ्याने संधी समान होत नाही. ज्याच्यापुढे जो अडसर आहे, तो अडसर दूर करावा लागतो. एकाला बसचा पास पुरतो, दुसऱ्याला वसतिगृह लागते, तिसऱ्याला शिकता शिकता चार पैसे मिळणे गरजेचे असते.

हे ज्यांनी आधी ओळखले

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन हा या विषयावरचा पायाभूत दस्तऐवज आहे. सरकारचा महसूल प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही विसंगती त्यांनी उघड केली. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणी त्यांनी केली. खेड्यातल्या शाळांमध्ये शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, हेही त्यांनी सांगितले. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसा कामावर जाणाऱ्याला दिवसाची शाळा निरुपयोगी असते, एवढी साधी गोष्ट त्या शाळेने मान्य केली होती.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. त्याआधीच १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था उभी राहिली होती. रंगकाम, विणकाम, यांत्रिक कामे, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात आणि शिकवण्याची भाषा लोकांची होती. कारागिराच्या मुलाला हुन्नर शिकण्यासाठी आधी इंग्रजी शिकावे लागू नये, ही त्यामागची दृष्टी होती. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूदही त्यात होती. पण शाहू महाराजांचे वेगळेपण वसतिगृहांत आहे. खेड्यातला मुलगा शिकायला कोल्हापुरात आला तर राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न त्यांनी शाळेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानला. १९०१ पासून पुढे मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजाचे विद्यार्थी अशा अनेकांसाठी त्यांच्या प्रोत्साहनाने बोर्डिंगे निघाली. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. शाळा, निवारा आणि शेवटी नोकरी ही एकच साखळी आहे आणि तिची एक कडी तुटली तर बाकीच्यांचा उपयोग राहत नाही, हे या निर्णयांतून दिसते.

कमवा आणि शिका

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याला त्यांनी वसतिगृह चालवले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. हाती पैसा नसे. मुलांच्या तोंडी अन्न पडावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले.

दानावर एखादे वसतिगृह चालते, पण हजारो मुलांचे शिक्षण दानावर चालत नाही, हे भाऊरावांनी जाणले. त्यांचे उत्तर होते स्वावलंबी शिक्षण. मुलांनी शेतात राबायचे, बांधकामाला हात लावायचा आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा खर्च उचलायचा. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाविद्यालयीन पातळीवर आली. बुडालेल्या मजुरीचा जो खर्च गरिबाला शाळेबाहेर ठेवतो, त्यावर या योजनेने थेट बोट ठेवले. शिवाय घेणाऱ्याची मान खाली जात नाही, हा तिचा मोठा गुण होता. आज महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत कमवा आणि शिका योजना चालते. ग्रंथालय, बाग, प्रयोगशाळा, कार्यालय अशा ठिकाणी विद्यार्थी रोज ठरावीक तास काम करतात आणि तासाप्रमाणे मोबदला घेतात.

या योजनेची एक अट मात्र सांभाळावी लागते. कमाईचे तास वाढले की अभ्यासाचे तास आटतात. काम मर्यादित, शिकण्याला पूरक आणि वेळेवर मोबदला देणारे असेल, तोवरच ते शिक्षणाला आधार देते. तसे नसेल तर ते स्वस्त मजुरी होऊन बसते.

शासनाच्या योजना आणि त्यांचे वेळापत्रक

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ मध्ये, आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील विद्यार्थ्यांना फी माफीची सवलत मिळाली आणि ‘ईबीसी’ हा शब्द घराघरांत पोचला. ग्रामीण महाराष्ट्रातून डॉक्टर, शिक्षक, अभियंते आणि अधिकारी झालेल्या एका पिढीमागे ही सवलत उभी आहे. घटनेच्या ८६व्या दुरुस्तीने २००२ मध्ये शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द ठरवला.

अलीकडच्या दोन निर्णयांत फीपलीकडचा विचार दिसतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी थेट बँक खात्यात रक्कम दिली जाते. मोठ्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत ठरवली गेली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर स्वयम योजना आहे. दुसरा निर्णय मुलींबाबतचा. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले. घरात एकाचीच फी भरणे शक्य असेल तर ती मुलाची भरायची, हा अलिखित नियम मोडायला या निर्णयाने मदत होते.

योजना कागदावर चांगली असली तरी तिचा लाभ ठरतो तो पैसे कधी मिळतात यावर. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपताना आली, तर मधल्या दहा महिन्यांचे खोलीभाडे आणि मेसचे बिल व्याजाने काढलेल्या पैशातून जाते. मग शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या पोटापर्यंत पोचतच नाही, ती सावकाराच्या व्याजात मुरते. सधन घराला सहा महिन्यांचा उशीर जाणवत नाही. गरीब घराच्या बाबतीत तोच उशीर शिक्षण सुटण्याचे कारण होतो. वेळेवर मिळणे हा मदतीचा एक भाग आहे आणि तो रकमेइतकाच मोलाचा आहे.

ऊसतोडीच्या वाटेवरची मुले

फी नसताना, शाळा दारात असतानाही शिक्षण कसे तुटते, हे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांत दिसते. पावसाळा सरला की मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचे निम्म्याहून अधिक वर्ष त्यात जाते. मुले आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत राहतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो किंवा बैलांकडे बघतो. गावी परतल्यावर वर्गातली मुले पुढे गेलेली असतात. दोन-तीन वर्षे असे झाले की मूल शाळेत जायचे सोडते आणि काही वर्षांत स्वतः कोयता धरते. मुलीचे लग्न लवकर लागते, कारण जोडी झाली की उचल मिळते.

यावर कारखान्यांजवळच्या साखरशाळा, गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे, दुसऱ्या गावच्या शाळेत सहज प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक, आणि संत भगवानबाबा यांच्या नावाने शासनाने सुरू केलेली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची वसतिगृहे असे उपाय झाले. यांपैकी सर्वांत टिकाऊ उपाय वसतिगृहाचा आहे, कारण मूल एकाच शाळेत, एकाच शिक्षकाकडे वर्षभर राहते. पण आईबाप मुलीला मागे ठेवायला तयार होतात ते वसतिगृह सुरक्षित असेल, तिथे महिला अधीक्षक असेल आणि ते हंगाम सुरू होण्याआधी उघडेल तरच. कुटुंब निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह रिकामेच राहते.

हातातले कसब

शिक्षणाचा पैशाशी सर्वांत थेट संबंध जोडणारी व्यवस्था म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, सर्वांच्या तोंडी असलेली आयटीआय. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. बहुतेक तालुक्यांत एक तरी सापडते. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, तर वेल्डर, संगणक चालक, शिवणकाम यांसारखे एक वर्षाचे ट्रेड. काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही चालतो, त्यामुळे दहावीत अडलेल्या मुलापुढेही वाट उरते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि कसब दोन्ही असणे, ही भूमिहीन घराच्या दृष्टीने मोठी झेप असते.

प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्यानुसार आस्थापनांनी उमेदवारांना प्रत्यक्ष कामावर शिकवायचे आणि विद्यावेतन द्यायचे असते. तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत या रकमेचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरले.

तीन ठिकाणी ही व्यवस्था अजून लंगडते. पहिली जागा अंतराची. कारखाने चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा पट्ट्यांत आणि उमेदवार नंदुरबार, हिंगोली, गडचिरोलीचा. विद्यावेतनातून खोलीभाडे आणि मेस भागवल्यावर घरी पाठवायला काही उरत नाही, म्हणून कित्येक उमेदवार मुदतीआधीच गावी परततात. औद्योगिक वसाहतीजवळ स्वस्त वसतिगृहे झाली तर याच रकमेचे मोल वाढेल. दुसरी जागा यंत्रांची. जुन्या लेथवर शिकलेल्या मुलाला कारखान्यात संगणक-नियंत्रित सीएनसी यंत्रापुढे उभे केले जाते आणि त्याचे प्रमाणपत्र तिथे अपुरे पडते. शिकवणारा निदेशक काही दिवस कारखान्यात आणि कारखान्यातला अनुभवी तंत्रज्ञ काही तास आयटीआयमध्ये, अशी ये-जा जिथे होते, तिथे हे अंतर कमी होते. तिसरी जागा मुलींची. त्यांच्यासाठी तीस टक्के जागा राखीव असूनही बहुतेक मुली शिवणकाम, सौंदर्योपचार किंवा संगणक चालक या ट्रेडकडे वळवल्या जातात, जिथे कमाई मर्यादित आहे. इलेक्ट्रिशियन किंवा मशिनिस्ट झालेल्या मुलींना वाहन व इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांत मागणी आहे. पण त्यासाठी कार्यशाळेत स्वच्छतागृह, सुरक्षित बस आणि दहावीतच योग्य सल्ला देणारी शिक्षिका हवी.

पाबळ आणि म्हसवड

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ या दुष्काळी गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून ते खेड्यात आले. शाळेत नापास झालेली मुले मुळात मंद नसतात, त्यांना हातांनी शिकू दिले तर विज्ञानही समजते, हा त्यांचा विश्वास होता. आश्रमाच्या निवासी अभ्यासक्रमात एका वर्षात वेल्डिंग व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, अन्नप्रक्रिया अशा कामांची ओळख होते. विद्यार्थी गावातली खरी कामे करतात, त्याचा हिशेब ठेवतात आणि त्यातून व्यवसाय करायला शिकतात. खेड्यात एकाच कसबाला वर्षभर काम मिळत नाही. फॅब्रिकेशन, वीजजोडणी आणि पंप दुरुस्ती तिन्ही येणाऱ्या तरुणाचे दुकान मात्र गावात चालते. याच अनुभवातून महाराष्ट्रातल्या काही माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख करून देण्याची जी शिफारस आहे, तिचा एक जिवंत नमुना पाबळला आधीपासून उभा होता.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक महिलांनी अंगठे उमटवले होते. त्या महिला साक्षरता वर्गात बसल्या, लिहायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. पुढे लक्षात आले, की नुसते कर्ज देऊन धंदा वाढत नाही. मालाची किंमत कशी ठरवायची, उधारी कशी वसूल करायची, हिशेब कसा ठेवायचा हे शिकवणारी शाळा हवी. २००६ पासून माणदेशीने ग्रामीण महिलांसाठी व्यवसाय प्रशिक्षण सुरू केले आणि बसमधली फिरती शाळा गावोगाव नेली. रोजगार बुडवून तालुक्याला येणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या दाराशी वर्ग गेला. बचत, कर्ज आणि शिक्षण एका ठिकाणी आले की मिळकत टिकून राहते, हे म्हसवडने दाखवले.

मोठ्या वयातले शिक्षण

संधी एकदाच मिळते असे धरून चालले, तर विशीत शिक्षण सुटलेला माणूस आयुष्यभर बाहेरच राहतो. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. साच्यावर वीस-वीस वर्षे काढलेल्या कसबी माणसांना दुसरे काम शिकवण्याची मोठी व्यवस्था उभी राहिली नाही. त्यांपैकी अनेक जण सुरक्षारक्षक, हमाल, भाजीविक्रेते झाले किंवा कोकणात, घाटावर गावी परतले. एका पिढीचे उत्पन्न खाली आले आणि त्याचा फटका पुढच्या पिढीच्या शिक्षणाला बसला. उद्योग बदलतात तेव्हा पुनर्प्रशिक्षण वेळेत मिळणे किती गरजेचे असते, याचा हा महाराष्ट्रातला सर्वांत कडू धडा आहे.

मोठ्या वयातल्या शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करते. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे पदवीकडे जाता येते आणि नोकरी, संसार सांभाळून अभ्यास करता येतो. पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, गृहिणी, शेतकरी अशा अनेकांनी या वाटेने पदवी मिळवली. मुंबईतल्या रात्रशाळांनीही कामगारांच्या अनेक पिढ्यांना दहावीपर्यंत आणले. याच्या जोडीला अंगी असलेल्या कसबाला प्रमाणपत्र देण्याची सोय महत्त्वाची ठरते. उस्तादाच्या हाताखाली शिकलेला गवंडी, प्लंबर किंवा गॅरेजमधला मिस्त्री कामात तरबेज असतो, पण कागद नसल्याने मोठा ठेकेदार त्याला मदतनिसाचीच मजुरी देतो. थोड्या दिवसांचे पूरक प्रशिक्षण आणि चाचणी घेऊन त्याच्या कसबाची नोंद झाली, तर परदेशी नोकरीपासून बँकेच्या कर्जापर्यंत अनेक दारे उघडतात.

पहिल्या पगारानंतर

कसब आल्यावर कमाई वाढते. कमाईचे स्वास्थ्यात रूपांतर होण्यासाठी पैशाचे व्यवहार कळावे लागतात. पहिल्या पिढीतल्या नोकरदाराच्या पगारावर घरचे जुने कर्ज, बहिणीचे लग्न, घराची डागडुजी असे अनेक हक्क आधीच असतात. त्यातून अडीअडचणीसाठी तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक उभी करणे, आरोग्य विमा घेणे, निर्वाह निधीचा खाते क्रमांक नोकरी बदलली तरी जपणे, मोबाइलवरच्या झटपट कर्जांपासून लांब राहणे या गोष्टी प्रशिक्षणातच शिकवल्या गेल्या पाहिजेत. शैक्षणिक कर्जाबाबतही हेच. बँकांच्या प्रचलित योजनेत चार लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमीचे संरक्षण आहे. पण अभ्यासक्रम संपल्यावर मिळणाऱ्या अपेक्षित पगाराशी हप्त्याचा मेळ घालूनच कर्ज घ्यावे. नोकरीची खात्री नसलेल्या महागड्या अभ्यासक्रमासाठी काढलेले कर्ज घराला आधीपेक्षा खाली नेऊ शकते.

व्यवस्था कशी जोखावी

शिक्षण आणि प्रशिक्षणाची कोणतीही योजना समान संधी देते की नाही, हे तपासण्याच्या काही कसोट्या या अनुभवातून हाती येतात. पहिली कसोटी: सर्वांत दूरच्या वाडीवरचा, सर्वांत गरीब घरातला विद्यार्थी तिथे पोचतो का आणि टिकतो का? प्रवेशाचे आकडे सर्वत्र दिले जातात, खरे मोजमाप अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे असते. दुसरी: बुडालेली मजुरी, राहणे, जेवण आणि प्रवास यांचा भार कोणी उचलला आहे? तिसरी: पैसे ज्या महिन्यात लागतात त्याच महिन्यात मिळतात का? चौथी: शिकवलेले कसब जवळपासच्या बाजारात विकले जाते का, आणि प्रशिक्षणानंतर एका वर्षाने उमेदवार कुठे आहे याची कोणी विचारपूस करते का? पाचवी: मुली, अपंग, भटके आणि स्थलांतरित यांना त्या इमारतीत, त्या वेळापत्रकात आणि त्या भाषेत सामावून घेतले आहे का?

या कसोट्यांवर उतरणारी व्यवस्था खर्चिक असते. वसतिगृहे, बसगाड्या, निदेशक, विद्यावेतन या सगळ्याला सार्वजनिक पैसा लागतो. हा पैसा बुडीत मात्र जात नाही. शिकलेली आई मुलांना शाळेत टिकवते, त्यांच्या आरोग्याकडे लक्ष देते. नियमित पगाराचे घर सावकारापासून सुटते, बचत करते आणि पुढे करही भरते. घरातल्या एका माणसाला मिळालेले कसब पुढच्या पिढीला शून्यापासून सुरुवात करू देत नाही. फी माफ करणे ही समान संधीची सुरुवात आहे. शिकण्याच्या काळात त्या मुलाचे किंवा मुलीचे पोट, निवारा आणि वेळ यांची जबाबदारी समाजाने वाटून घेतली, आणि शिक्षणाच्या शेवटी प्रतिष्ठेचे काम मिळण्याची वाट मोकळी ठेवली, तरच ती संधी पुरी होते.